बाजार हलवायच्या आधी बाजार मोजा

(गटाच्या मासिक बैठकीसाठी अभ्यासपाठ. वेळ: दीड तास. सोबत ठेवा: एक वही, पेन, खडू आणि गावाचा हाताने काढलेला नकाशा. पाठ एकीने मोठ्याने वाचावा. बाकीच्यांनी मध्येच थांबवून बोललं तरी चालेल, तसं बोलावंच.)

मैत्रिणींनो,

नशिराबाद हे जळगाव-भुसावळ महामार्गावरचं गाव. कितीतरी वर्षं इथे ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. गाव वाढलं की बाजार वाढतो, पण रस्ता काही वाढत नाही. जिथे आधी चार-दोन पाट्या मांडल्या जायच्या तिथे हातगाड्या येतात, कपड्याची पालं लागतात, पिकअप गाडीतून माल उतरवणारे व्यापारी येतात. मग कधी ना कधी गावात बोलणं सुरू होतं, "बाजार इथून उचला, बाहेर मोठ्या जागेत न्या." सावदा, फैजपूर, यावल, वरणगाव अशा आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही नगरपरिषदेच्या गावात हा विषय निघू शकतो. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायांनाही तो लागू आहे, कारण आपण माल घेऊन याच बाजारांना जातो.

या विषयावर बायांचं मत फारसं कुणी विचारत नाही. खरं तर बाजाराशी सगळ्यात जास्त संबंध आपलाच. आपल्यातल्या काही जणी बाजाराच्या रस्त्यावर राहतात. काही जणी तिथे भाजी, वांगी, पापड, बिबडे, कुरडया विकायला बसतात. आणि आठवड्याचा भाजीपाला आणायला तर आपण सगळ्याच जातो. एकाच गटात राहणारी, विकणारी आणि विकत घेणारी अशा तिघी बसलेल्या असतात. म्हणून "हलवा" म्हणणारे आणि "हलवू नका" म्हणणारे यांच्यात भांडण लागायच्या आधी आपल्या गटात हा विषय नीट बोलता येतो. आजचा पाठ त्यासाठी आहे.

१. त्रास जागेचा आहे की व्यवस्थेचा?

बाजाराच्या रस्त्यावर राहणाऱ्या बायांची गाऱ्हाणी खोटी नसतात. आधी ती शांतपणे ऐकून घ्या. सगळ्या गावांत ती साधारण सारखीच असतात:

घरासमोर मोटारसायकली लावून लोक निघून जातात, दारातून बाहेर पडता येत नाही. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी आत येत नाही. बाजार उठल्यावर कोबीचा पाला, सडके टमाटे तसेच पडून राहतात, त्यावर मोकाट जनावरं येतात आणि दुसऱ्या दिवशी वास सुटतो. पाला गटारीत जातो आणि गटार तुंबते. विकायला आलेल्या बायांना लघवीला जागा नसते, मग कुणाच्या तरी घरामागे आडोसा शोधावा लागतो आणि त्यावरून बोलाचाली होते. दुकानदार म्हणतात, आमच्या ओट्यासमोर पाल लागलं की आमचं गिऱ्हाईक आत येत नाही.

आता वहीच्या पानावर मध्ये उभी रेघ मारा. डाव्या बाजूला "जागेमुळे", उजव्या बाजूला "व्यवस्थेमुळे" असं लिहा. एकेक गाऱ्हाणं घ्या आणि सगळ्यांना विचारा, हे कुठे लिहायचं?

कचरा उचलला जात नाही, हे कशामुळे? घंटागाडी बाजार उठल्यावर येत नाही म्हणून. हे उजवीकडे जाईल. लघवीची सोय नाही? तेही उजवीकडे. मोटारसायकली? वाहनतळ ठरवलेला नाही, ठरवलेला असला तर तिथे कुणी उभं राहून सांगत नाही. हेही बहुतेक उजवीकडेच. रस्ताच दहा फुटांचा आहे आणि दोन्ही बाजूंना दुकानं लागली की रुग्णवाहिका जाऊच शकत नाही? हे मात्र डावीकडे.

बहुतेक ठिकाणी उजवी बाजू जास्त भरेल. आणि इथेच या पाठाचा पहिला मुद्दा आहे. व्यवस्थेचा त्रास जागा बदलून जात नाही. तो बाजाराबरोबर नव्या जागेवर जातो. ज्या मोकळ्या जागेवर बाजार न्यायचा म्हणतात, तिच्याही शेजारी घरं असतात. तिथेही बाया राहतात. इथे कचरा उचलला जात नसेल तर तिथे तो आपोआप उचलला जाईल, असं समजायला काहीच आधार नाही. त्यांच्याही दारात उद्या मोटारसायकली लागतील. म्हणून नव्या जागेजवळच्या वस्तीतल्या बायांनाही बैठकीला बोलवा. ऐनवेळी विरोध करायची पाळी त्यांच्यावर कशाला आणायची?

डाव्या बाजूला खरोखर मोठं कारण असेल, म्हणजे रस्ता अगदीच अरुंद आहे, मोठ्या वाहनांचा रस्ता आहे किंवा शाळेच्या फाटकासमोरच बाजार भरतो, तर जागा बदलण्याचा विचार करावाच लागेल. लोकांच्या जिवाचा प्रश्न असेल तर हट्ट धरून चालत नाही. पण मग पुढचे प्रश्न विचारायचे.

२. विक्री पाव भागाने पडली तर पदरात काय उरतं?

विकणाऱ्या ताईचं म्हणणं बरेचदा "आमचं पोट आहे" एवढ्या एका वाक्यात संपतं. समोरचा अधिकारी मान डोलावतो आणि कागद पुढे सरकतो. तेच म्हणणं आकड्यांत मांडलं तर वजन येतं. चला, एक हिशेब फळ्यावर करू. हे आकडे समजण्यापुरते आहेत. नंतर तुमचे स्वतःचे आकडे घालून पुन्हा करा.

समजा, एक ताई बाजाराच्या दिवशी २,००० रुपयांचा भाजीपाला विकते. त्यात तिचा नफा ४०० रुपये. येण्या-जाण्याचं भाडं ६० रुपये, बाजाराची पावती २० रुपये. घरी येतात ३२० रुपये.

बाजार गावाबाहेर गेला. चालत येणारं गिऱ्हाईक कमी झालं आणि विक्री पाव भागाने पडली, म्हणजे १,५०० रुपये झाली. नफा उरला ३०० रुपये. आधीचं भाडं ६० रुपये आहेच, वर स्टँडपासून नव्या जागेपर्यंत पाटी नेण्या-आणण्याचे रिक्षाचे ४० रुपये. पावती २० रुपये. घरी आले १८० रुपये.

विक्री पाव भागाने कमी झाली, पण पदरात पडणारा पैसा ३२० वरून १८० वर आला. म्हणजे जवळपास निम्मा गेला. आणि यात न विकलेल्या भाजीचं नुकसान धरलेलंच नाही. पालक, मेथी, कोथिंबीर दुसऱ्या दिवशी कोण घेतं? बचतगटाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो.

उलटी बाजूही मांडा. नवी जागा मोठी असेल, आजूबाजूच्या गावांतलं गिऱ्हाईक वाढलं आणि विक्री पाव भागाने चढली, तर २,५०० रुपयांवर ५०० रुपये नफा. त्यातून भाडं, रिक्षा, पावती असे १२० रुपये वजा जाता ३८० रुपये हातात राहतात. म्हणजे बाजार हलला की नुकसानच होतं असं नाही. सगळं अवलंबून आहे गिऱ्हाईक येतं की नाही यावर. बाजार गिऱ्हाइकाच्या पायवाटेवर उभा असतो. ती वाट नव्या जागेपर्यंत पोचली तर बाजार चालतो, नाही पोचली तर कितीही चांगले ओटे बांधा, ते ओस पडतात.

विकत घेणाऱ्या ताईचाही हिशेब करा. भाजीसाठी रिक्षाने जावं-यावं लागलं तर दोन किलो वांगी केवढ्याला पडली? म्हातारी सासू आजवर चालत जाऊन भाजी आणायची, आता ते काम कुणावर येईल?

३. दुसरीकडे काय झालं?

जवळचं उदाहरण जळगावचंच घ्या. फुले मार्केट, सुभाष चौक, बळीराम पेठ या भागातल्या फेरीवाल्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे चालत आला आहे. अतिक्रमण हटवण्याची मोहीम होते, रस्ता मोकळा होतो आणि काही दिवसांनी पुन्हा गाड्या लागतात, हे जळगावला बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकीने पाहिलेलं आहे. असं का होतं? कारण गिऱ्हाईक तिथेच फिरत असतं. विकणारा गिऱ्हाइकाच्या मागे जातो. नुसत्या बंदोबस्ताने दोघांचीही वाट बदलत नाही. आणि या धावपळीत राहणाऱ्यांचा त्रासही कायमचा मिटत नाही.

दुसरं उदाहरण पुण्याचं आणि जुनं. पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या जागेत भरायचा. इंग्रज सरकारच्या काळात तो हलवायचं ठरलं आणि शुक्रवार पेठेत दगडी इमारत बांधून १८८६ मध्ये नवी मंडई सुरू झाली. तेव्हाच्या गव्हर्नरांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. महात्मा जोतिराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. या इमारतीवर एवढा मोठा खर्च करायला त्यांनी विरोध केला. लोकांचा पैसा आधी शिक्षणासारख्या गरजेच्या कामावर लागला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. गंमत बघा, पुढे त्याच मंडईला महात्मा फुले यांचं नाव दिलं गेलं आणि आज ती महात्मा फुले मंडई म्हणूनच ओळखली जाते.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक, मंडई हलली तरी पेठांच्या मधेच राहिली, लोकांना पायी जाता येईल अशा अंतरावर. म्हणून ती टिकली. दुसरी, बाजाराच्या इमारतीचा खर्च किती, तो कुणाच्या पैशातून आणि त्याऐवजी आधी काय करायला हवं, हे विचारणं म्हणजे विकासाला आडवं येणं नाही. खुद्द जोतिरावांनी नगरपालिकेत बसून ते विचारलं आहे.

तिसरं उदाहरण बायांचं आहे. अहमदाबादच्या माणेकचौकात बाया पिढ्यान्‌पिढ्या भाजी विकत आल्या. तिथून त्यांना उठवलं जायचं, माल जप्त व्हायचा, दंड व्हायचा. इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या 'सेवा' या कष्टकरी बायांच्या संघटनेने १९८० च्या दशकात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. त्या बायांची मागणी अगदी साधी होती, दोन टोपल्या मावतील एवढी जागा. फुकट काही नको होतं, परवाना आणि पावती घेऊन बसायचं होतं. अशा अनेक संघटनांच्या लढ्यातून पुढे देशभरासाठी कायदा झाला. तो आता बघू.

४. कायदा काय सांगतो?

कायद्याचं नाव पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. तो १ मे २०१४ पासून लागू आहे. आपल्या कामाच्या गोष्टी एवढ्या:

आधी नोंद, मग स्थलांतर. नगरपरिषदेने सगळ्या पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं असतं, निदान दर पाच वर्षांनी एकदा. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जात नाहीत, तोवर कुणालाही उठवता किंवा हलवता येत नाही, असं कायदा म्हणतो. म्हणून सर्वेक्षणात आपलं नाव येणं सगळ्यात महत्त्वाचं. त्या दिवशी घरी लग्न आहे म्हणून बाजाराला गेली नाही आणि नाव राहिलं, असं व्हायला नको.

समिती. प्रत्येक नगरपरिषदेत नगर पथविक्रेता समिती असते. मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष असतात. समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया हव्यात. समिती २० जणांची असेल तर ८ विक्रेते आणि त्यांत निदान ३ बाया. पोलीस, व्यापारी, बँका, सामाजिक संस्था आणि रहिवाशांच्या संघटना यांनाही समितीत जागा आहे. म्हणजे राहणारी ताई आणि विकणारी ताई, दोघींचं म्हणणं एकाच टेबलावर येण्याची सोय कायद्यातच केलेली आहे.

नोटीस. प्रमाणपत्रावर लिहिलेल्या जागेवरून हलवायचं असेल तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

हलवण्याची तत्त्वं. शक्य तोवर हलवूच नये, जागेची खरी आणि तातडीची गरज असेल तरच हलवावं. हलवण्याच्या आखणीत विक्रेत्यांना सामील करावं. नव्या जागी त्यांची कमाई निदान आधीएवढी तरी राहील असं बघावं. मघाशी केलेला ३२० आणि १८० चा हिशेब आठवा. तो इथे उपयोगी पडतो.

जुना बाजार. जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले आहेत त्याला कायद्यात नैसर्गिक बाजार म्हटलं आहे. असा बाजार ५० वर्षांहून जास्त काळ भरत असेल तर त्याला वारसा बाजार म्हणून जाहीर करावं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही कायद्याच्या अनुसूचीत आहे. तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हा बाजार कधीपासून इथे भरतो? जुन्या पावत्या, जुने फोटो कुणाकडे असतील तर जपून ठेवा.

माल जप्त झाला तर. जप्त केलेल्या मालाची यादी सहीनिशी मिळाली पाहिजे. भाजी-फळांसारखा नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा असतो, बाकीचा माल दोन कामकाजाच्या दिवसांत.

आता थोडी सावधगिरी. हा कायदा महानगरपालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायत असलेल्या ठिकाणी लागू होतो. ग्रामपंचायतीच्या गावातला आठवडे बाजार त्यात येत नाही. तिथे हा विषय ग्रामसभेत मांडावा लागतो. आणि गावात एकूण विक्रेते किती सामावून घ्यायचे यालाही मर्यादा आहे, लोकसंख्येच्या अडीच टक्के. २०,००० लोकवस्तीला ५०० विक्रेते होतात. शिवाय प्रमाणपत्र घेताना "मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही" असं लिहून द्यावं लागतं. घरची शेती असणाऱ्या ताईंनी सही करायच्या आधी नगरपरिषदेत आपली परिस्थिती सांगून विचारून घ्यावं. प्रमाणपत्र दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही हेही लक्षात ठेवा.

आणि एक फायद्याची गोष्ट. पीएम स्वनिधी ही पथविक्रेत्यांच्या कर्जाची योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, २०२५ मध्ये ते १५,००० केलं. ते वेळेवर फेडलं तर २५,००० आणि त्यानंतर ५०,००० रुपयांचं मिळतं. खेड्यात राहून शहराच्या हद्दीत विकायला येणाऱ्या बायांनाही नगरपरिषदेच्या शिफारसपत्रावर हे कर्ज मिळू शकतं. शिवाय असं शिफारसपत्र म्हणजे "ही बाई इथे विकायला बसते" याचा एक कागद झाला.

५. आपली मोजणी कशी करायची?

नगरपरिषद सर्वेक्षण करेल तेव्हा करेल. आपण आपली मोजणी आधी करायला कुणाची परवानगी लागत नाही. दोन बाजारांचे दिवस पुरतात.

चौघी-चौघींच्या तीन तुकड्या करा.

पहिली तुकडी विकणाऱ्यांची मोजणी करेल. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जा. प्रत्येकाची नोंद घ्या: बाई की पुरुष, काय विकतात, कोणत्या गावाहून आले, किती वर्षं इथे बसतात, साधारण किती फूट जागा लागते, पावती किती रुपयांची फाडली. नाव द्यायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवू द्या. खाली बसून विकणाऱ्या बाया मोजायला विसरू नका. कोपऱ्यात गोणपाटावर चार जुड्या मेथी घेऊन बसलेली आजी यादीतून सगळ्यात आधी सुटते, आणि जागा वाटताना तिलाच शेवटी ठेवलं जातं.

दुसरी तुकडी गिऱ्हाइकांची मोजणी करेल. बाजाराच्या प्रत्येक तोंडाशी एक जण उभी राहील आणि अर्धा तास मोजेल: किती जण पायी आले, किती मोटारसायकलने, किती रिक्षाने, किती एस. टी. स्टँडकडून. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. पायी येणारे जास्त असतील तर बाजार लांब न्यायला हे एकच पान चांगलं उत्तर आहे. गाड्यांवर येणारे जास्त असतील तर वाहनतळाचा मुद्दा पहिला.

तिसरी तुकडी राहणाऱ्यांकडे जाईल. बाजाराच्या रस्त्यावरची वीस घरं आणि नव्या जागेजवळची वीस घरं. प्रत्येक घरी दोनच प्रश्न विचारा. बाजाराचा सगळ्यात मोठा त्रास कोणता? आणि कोणती एक गोष्ट केली तर बाजार दारात चालेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जपून लिहा. बऱ्याच ठिकाणी ते "कचरा त्याच रात्री उचला" किंवा "दारासमोर चार फूट मोकळे ठेवा" इतकं साधं निघतं.

६. नव्या जागेची तपासणी

जागा दाखवली असेल तर पाटी डोक्यावर घेऊन तिथपर्यंत चालत जा. मोटारसायकलवर बसून पाहिलेली जागा जवळ वाटते. मग हे बघा:

स्टँडपासून चालत किती मिनिटं? वाटेत महामार्ग ओलांडावा लागतो का? आपल्याकडे हा प्रश्न फार मोठा आहे, वेगाने जाणाऱ्या गाड्यांमधून पाटी घेतलेली बाई कशी ओलांडणार? पावसाळ्यात तिथे पाणी साचतं का, काळी माती आहे का? वैशाखात सावली कुठे? आपल्या खानदेशातलं ऊन ज्याला माहीत आहे त्याला हे सांगायला नको. प्यायचं पाणी आहे का? बायांसाठी वेगळं शौचालय आहे का, त्याला कडी आणि पाणी आहे का? संध्याकाळी दिवे लागतात का, परत जाताना रस्ता सुरक्षित आहे का? कचऱ्याची जागा कुठे? जागा नगरपरिषदेच्या नावावर आहे का? कुणाची खासगी असेल तर उद्या तो मालक उठवेल.

बाजार वाढवायचा असेल तर आणखी एक प्रश्न विचारायचाच. वाढीव जागा कुणाला मिळणार? मोठी जागा झाली की बाहेरचे मोठे व्यापारी येतात, त्यात वाईट काही नाही, गिऱ्हाईक वाढतं. पण पुढची जागा त्यांना आणि मागची बायांना असं झालं तर आपला बाजार वाढूनही आपल्याला उपयोग नाही. म्हणून खाली बसून विकणाऱ्या बायांची रांग तोंडाशी, गाड्या आणि पालं मागे, आणि जागांची वाटणी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून, अशी मागणी ठेवा. शिवाय आधी दोन महिने नव्या जागेवर बाजार भरवून बघा आणि मगच जुनी जागा बंद करा, हेही सांगता येतं.

७. अर्जाचा नमुना

तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. गटाचा ठराव करून अर्ज द्या. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती आपल्या दप्तरात ठेवा.

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद, नशिराबाद.

विषय: बाजाराच्या जागेबाबत महिला बचतगटांचं निवेदन.

महोदय / महोदया,
आम्ही खाली सही करणाऱ्या गटांच्या सभासद बाजाराच्या रस्त्यावर राहणाऱ्या, बाजारात विक्री करणाऱ्या आणि खरेदी करणाऱ्या महिला आहोत. आम्ही दोन बाजारांच्या दिवशी केलेली मोजणी सोबत जोडली आहे. आमच्या मागण्या अशा:
१) जागा बदलण्याचा निर्णय होण्याआधी सर्व विक्रेत्यांचं सर्वेक्षण करून विक्री प्रमाणपत्रं द्यावीत.
२) नगर पथविक्रेता समितीच्या सभेत जुन्या आणि नव्या जागेजवळच्या रहिवाशांचं म्हणणं ऐकावं.
३) सध्याच्या जागी बाजार उठल्यावर त्याच रात्री कचरा उचलणे, वाहनतळ ठरवणे, महिलांसाठी शौचालय आणि रुग्णवाहिकेसाठी मोकळी वाट, ही कामं जागेचा निर्णय होण्याची वाट न बघता सुरू करावीत.
४) नवी जागा ठरल्यास तिथे पाणी, सावली, दिवे, शौचालय आणि गटार आधी करावं, मग बाजार हलवावा.
५) खाली बसून विकणाऱ्या महिलांना दर्शनी जागा द्यावी.
या निवेदनावर काय कार्यवाही झाली ते लेखी कळवावं, ही विनंती.

(गटांची नावं, सह्या, तारीख)

उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि साधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. प्रश्न नेमका विचारा: पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण कधी झालं, समितीत कोण आहेत, समितीच्या मागच्या सभेचं इतिवृत्त द्या, बाजाराच्या जागेचा आराखडा आणि खर्चाचं अंदाजपत्रक द्या.

८. चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या गटात राहणाऱ्या, विकणाऱ्या आणि फक्त खरेदी करणाऱ्या किती जणी आहेत? प्रत्येकीने दुसऱ्या बाजूने एक वाक्य बोलून दाखवा. विकणारीने राहणारीचं गाऱ्हाणं सांगायचं, राहणारीने विकणारीचं.
२) आपल्या वहीतल्या दोन रकान्यांपैकी कोणता जास्त भरला?
३) या महिन्यात जागा न बदलता मिटेल असा एक त्रास कोणता? तो मिटवायला आपण स्वतः काय करू शकतो? उदाहरणार्थ, विकणाऱ्या बायांनी पाला गोणीत भरून एका जागी ठेवला तर घंटागाडीला तो उचलायला किती वेळ लागेल?
४) आपला बाजार किती वर्षांचा? गावात हे कुणाला माहीत आहे?
५) समितीच्या निवडणुकीत आपल्यातून कोण उभी राहील?

पाचव्या प्रश्नावर सगळ्या गप्प बसतील. दोन मिनिटं थांबा, मग नाव सुचवा. जी बाजारात सगळ्यांशी भाव करते, तिला सभेत बोलता येत नाही असं होत नाही.

पुढच्या बैठकीपर्यंतचं काम: तीन तुकड्या ठरवा, मोजणीचे दोन दिवस पक्के करा. आलेले आकडे ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवा आणि मगच अर्जावर सह्या घ्या. मोजणीची वही अध्यक्ष ताईंकडे दप्तरात ठेवा. बाजार हलो किंवा न हलो, ती वही पुढच्या वर्षीही लागणार आहे.